पाळलेलं असं हे एकच

वैजयंतीला समुद्राचं कौतुक नव्हतं. गुहागरला लहानपण गेलेल्या माणसाला ते सहसा नसतं. कपाटाच्या बिजागऱ्या खाणारा आणि दोरीवरच्या कपड्यांना कधीच धड वाळू न देणारा एक शेजारी, एवढीच तिच्या लेखी त्याची किंमत. म्हणून तर इचलकरंजीचं स्थळ आलं तेव्हा तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. मागांच्या मोटारी रिवाइंड करून देणारा, स्वतःचं दुकान असलेला शशिकांत मगदूम. घाटावरचा, कोरड्या हवेतला माणूस. लग्नाला दोनेक वर्षं झाली आणि त्या माणसाने बैठकीच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आणून बसवली, गाळलेल्या पाण्यात माशांसाठी मिळणारं खास मीठ कालवलं, आणि समुद्र तिच्या मागोमाग घाट चढून घरात आला.

टाकी त्याची होती. शेवाळ मात्र बघता बघता तिचं झालं.

त्याचं असं होतं की, टाकीत मासा खातो, उरलेलं कुजतं, माशाची घाण साठते. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं, म्हणजे शेतात घालतात तसलंच खत. वर प्रवाळासाठी लावलेला लख्ख दिवा. खत आणि ऊन एकत्र आलं की हिरवं उगवणारच. आधी काचेवर धुरकट साय, मग दगडांवर केसांसारखे झुपके, आणि दुर्लक्ष केलं तर प्रवाळाचा गळाच आवळतं. शशिकांतने सगळे उपाय करून पाहिले. फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र स्वतःच्या हाताने बनवलं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणल्या, दिव्याचे तास कमी केले. शेवाळ खायच्या नोकरीवर म्हणून एक पिवळा मासा आणला. तो महिनाभर इमानाने राबला आणि मग विकतच्या दाण्यांची चटक लागून बसून खाऊ लागला. शेवटी खरा उपाय एकच उरला. बाही वर करायची, जुना टूथब्रश घ्यायचा आणि घासायचं. निघालेला प्रत्येक झुपका म्हणजे पाण्यातून तेवढं खत बाहेर. हे त्याने तिला इतक्या वेळा समजावलं होतं की ती झोपेतही सांगू शकली असती. घासायची मात्र ती.

"तुझा हात बसलाय," तो म्हणायचा.

"हात बसला नाही, तुम्ही बसलाय. स्टुलावर," ती म्हणायची.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. रक्तदाबाने, हळूहळू, कुणाला न सांगता. मिरजेच्या हॉस्पिटलात डॉक्टर उमराणी म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावलं, की आता रक्तातलं युरिया आणि फॉस्फेट बाहेर पडत नाही, ते साठतं, त्यामुळे अंगाला खाज सुटते, पाय जागेवर राहत नाहीत. वैजयंतीने मान डोलावली. तिला नवीन काहीच वाटलं नाही. फेस काढणारं यंत्र बंद पडलेली टाकी तिने पाहिलेली होती.

आठवड्यातून तीनदा मिरजेला जाऊन डायलिसिसच्या खुर्चीवर नळ्या लावून बसायचं सुरू झालं. हल्लीची ती चालक नसलेली एसटी स्टँडवरून सुटायची आणि शशिकांत खिडकीशी बसून दोन्ही पाय हलवत राहायचा. रात्री गादीवरही पाय तसेच, माग चालू असल्यासारखे. दुकान कामगारांवर गेलं. पाण्यात रमणारा माणूस पाणी मोजून प्यायला लागला.

डॉक्टरांनी पेटीचं काढलं ते त्या वर्षाच्या शेवटी. चाचणी चालू होती, मोजके रुग्ण घेत होते. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, कमरेला पट्ट्याने बांधायची. आत एक बारीक पडदा. पडद्याच्या एका अंगाने रक्त वाहणार, दुसऱ्या अंगाने रक्ताइतकंच खारट पाणी. नको असलेलं सगळं पडद्यातून त्या पाण्यात उतरणार. इथपर्यंत जुन्या यंत्रासारखंच. पण जुनं यंत्र ते पाणी बादल्याच्या बादल्या गटारात सोडतं. पेटीत मात्र त्याच पाण्याखाली जाळीवर शेवाळ लावलेलं. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेलं, अधाशी. दिव्याच्या गुलाबी उजेडात ते युरिया खाणार, फॉस्फेट खाणार, त्याच्या मुळाशी ठेवलेले जिवाणू बाकीचं संपवणार, आणि पाणी स्वच्छ होऊन परत फिरणार. जादाचं पाणी तेवढं एका पिशवीत. दर रविवारी जाळी बाहेर काढून वाढलेलं गवत ब्रशने खरवडून टाकायचं, की झालं.

शशिकांत हसत सुटला. कितीतरी महिन्यांनी. "वैजू, ऐकलीस का? जन्मभर ज्याला उपटलं त्याच्याच जिवावर जगायचं आता."

"एक पथ्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात. शेवाळ चरणारे. त्यांची अंडी कशालाही चिकटून येतात. एकदा पेटीत शिरले तर जाळी साफ करतात. म्हणून ज्या घरात माशांची टाकी, कासव, कमळाचं कुंड असलं काही आहे, तिथे आम्ही पेटी देत नाही."

बाहेर व्हरांड्यात शशिकांतचा चेहरा पडला. "टाकी काढायची असली तर मला न्हाई पाहिजे पेटी," तो म्हणाला. "काय राहिलंय अजून माझं? दुकान गेलं, मीठ गेलं, पाणी गेलं."

"लहान मुलासारखं बोलू नका."

"मग मोठ्या माणसासारखं सांगतो. न्हाई पाहिजे."

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तिला सरळच विचारलं, "काकू, घरात मासे वगैरे पाळलेत का?"

"नाही हो," वैजयंती म्हणाली. "पाळलेलं असं हे एकच." आणि तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर हसल्या. शशिकांत खाली बघत राहिला. कुणाला दुखवायचं नाही म्हणून ती आजवर बऱ्याच लहान थापा मारत आली होती, ही त्यातलीच एक, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. काळजी घेतली म्हणजे झालं.

आणि पेटी चालली. अशी चालली की पुढच्या दिवाळीपर्यंत शशिकांतच्या अंगाची खाज गेली, पाय गादीवर गप्प पडायला लागले, आणि तो पुन्हा सकाळी दुकानात जाऊन कामगारांवर ओरडायला लागला. सदऱ्याखालून गुलाबी उजेड झिरपायचा. गल्लीतली पोरं त्याला कंदीलकाका म्हणायची. रविवारी वैजयंती मोरीपाशी पाट टाकून बसायची, हात साबणाने धुवायची, जाळी काढायची आणि घासायची. हिरवी लोकर निघायची, दाट, ताज्या भाजीसारखा वास येणारी. "ह्यात तुमचं सगळं विष," ती म्हणायची, आणि वर धरून दाखवायची.

"थोडं तुझंपण असंल," तो म्हणायचा.

हॉस्पिटलाने जाळीसाठी निळ्या दांड्याचे ब्रश पाठवले होते. बंद पाकिटातले, निर्जंतुक. एकदा वापरून टाकून द्यायचे, असं सांगितलेलं. आता वैजयंतीच्या घराण्यात ब्रश टाकून द्यायची पद्धत नव्हती. दात घासून झाले की ब्रश कंगव्याकडे जातो, कंगव्याकडून नळाच्या तोटीकडे, तोटीकडून सायकलच्या साखळीकडे, आणि साखळीनंतरही त्याचा दांडा नाडी ओवायला लागतो. मोरीच्या कट्ट्यावर तिचा कान तुटलेला स्टीलचा मग होता, त्यात असे सगळे निवृत्त ब्रश उभे असायचे. हे निळे ब्रश तर रेशमासारखे मऊ. एकदाच वापरलेले. तिने ते धुऊन मगात ठेवले आणि टाकीतल्या प्रवाळाच्या फटी घासायला घेतले. पेटीचा ब्रश टाकीत गेला तर बिघडतंय काय? उलटं जायला नको, एवढंच.

एका रविवारी नवं पाकीट फोडताना ब्रश हातातून सुटून मोरीत पडला. ते शेवटचंच पाकीट होतं. जाळी बाहेर काढलेली, शशिकांत कमरेला टॉवेल गुंडाळून बसलेला. तिने मगाकडे पाहिलं. मागच्या रविवारचा ब्रश कोपऱ्यात नवाकोरा दिसत होता. तो टाकीला लागलेला नाही, अशी तिची खात्री होती. तिने त्यावर बादलीतलं कोमट पाणी ओतलं, वाहत्या नळाखाली धरला, आणि घासलं.

संक्रांतीच्या सुमारास लोकर विरळ झाली.

पहिल्यांदा तिने थंडीला दोष दिला. मग दिव्याला. शशिकांतने दिव्याच्या तारा तपासल्या, ठीक होत्या. पुढच्या रविवारी जाळीवर टक्कल दिसायला लागलं. डॉक्टरांकडून निरोप आला, फॉस्फेट वाढतंय, खाण्याकडे लक्ष द्या. शशिकांत पुन्हा दंड खाजवायला लागला. आणि एका दुपारी तो आरामखुर्चीत बसलेला असताना तिला ते पाय दिसले. घोट्यापासून खाली, आपापले, हलत होते.

ती घाबरली की आधी रागवायची.

"काय खाताय बाहेर?"

"कुठं काय?"

"मी आळणी रांधते, डाळ पाण्यात भिजवून पाणी फेकते, बटाटा उकडून पुन्हा उकडते. आणि जाळीवर काही उगवत नाही. म्हणजे तुमच्या पोटात असं काही जातंय की ते बिचारं शेवाळ मरतंय."

शशिकांत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घातली. "भडंग खाल्लं," तो म्हणाला. "दुकानासमोर गाडी लागती. रोज न्हाई. अधूनमधून."

"शेंगदाणे घालून?"

"भडंगात आणि काय घालतात?"

ती त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची, टाकीकडे तोंड करून उभी राहायची. टाकी मात्र कधी नव्हे इतकी स्वच्छ होती. पिवळा मासा आळशासारखा फिरत होता, जोकर माशांची जोडी आपल्या समुद्रफुलात अंग घासत होती. ब्रशला काम नव्हतं तरी तिचा हात काचेवर फिरत राहायचा. मिरजेची खुर्ची, त्या नळ्या, खिडकीशी बसलेला तो, पुन्हा सगळं. आणि कशासाठी, तर मूठभर भडंगासाठी. तिला त्याला धरून हलवावंसं वाटायचं, आणि त्याच्या जागेवर न राहणाऱ्या पायांवर हात ठेवून बसावंसंही वाटायचं. दोन्हींतलं ती काहीच करायची नाही.

शेवटी ती भडंगवाल्यालाच जाब विचारायला गेली. पदर खोचूनच गेली. गाडीवाला म्हातारा तिला ओळखत होता.

"मगदूमशेठ?" तो म्हणाला. "वहिनी, शेठ गाडीवर येऊन दोन वर्षं झाली की. परवा म्हटलं, चव तरी बघा. तर म्हणाले, बायको जीव घेईल."

वैजयंती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. न खाल्लेलं खाल्लं म्हणून कुणी सांगतं का? आणि का?

ती घरी आली. शशिकांत जेवून डाव्या कुशीवर झोपला होता, पेटी कमरेपाशी गादीवर. पेटीशेजारी त्याचं मोटारीच्या बारीक तारा बघायचं भिंग पडलं होतं. ते एरवी दुकानात असायचं. ते घरी, पेटीजवळ कशाला? तिने ते उचललं, डोळ्याला लावलं आणि पेटीच्या काचेवर टेकवलं.

गुलाबी उजेडात जाळी ओसाड दिसली. आणि त्या ओसाडीत, उरल्यासुरल्या हिरव्या टोकांवर, पांढरे ठिपके उड्या मारत होते. थांबायचे, चरायचे, उडायचे. तिने ते लगेच ओळखले. पाणपिसवा म्हणायची ती त्यांना. टाकीतल्या दगडांखालून ब्रश फिरवला की धुरळ्यासारख्या उठायच्या, आणि जोकर मासे त्यांच्यावर तुटून पडायचे. समुद्राच्या खारटपणात जगणाऱ्या, पण चिवट. रक्ताच्या कमी खारट पाण्यातही त्यांचं भागत होतं. मोरीतला मग तिच्या डोळ्यांसमोर आला. कोपऱ्यातला नवाकोरा दिसणारा ब्रश. सगळे निळे. सगळे सारखे.

ती खाटेच्या कडेला बसली. तिचे हात मांडीवर होते, आणि ते तिला कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

शशिकांतने डोळे उघडले. भिंग तिच्या हातात बघितलं.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"दिव्याच्या तारा तपासल्या तवाच."

"आणि मला भडंग सांगितलंत."

"तू विचारलीस म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगू? ब्रश तुझा, मग तुझा, हात तुझा. तुला कळलं असतं तर तू काय गप्प बसली असतीस? जेवण सोडलं असतंस."

"म्हणजे माझ्यासाठी मरणार होतात?"

"मरतोय कशाला. मिरजेची खुर्ची हाय की."

"अहो, माझ्याकडे बघा. माझ्यासाठी गप्प बसलात, की टाकीसाठी?"

तो उठून बसला. बराच वेळ त्याने दंड खाजवला. बाहेर टाकीचा पंप घरघरत होता.

"आता तू विचारालीस म्हणून सांगतो," तो म्हणाला. "रोज सकाळी वाटायचं, तुझ्यासाठी. रोज संध्याकाळी टाकीपुढं स्टुलावर बसलो की वाटायचं, टाकीसाठी. मलाच कळंना झालंय, वैजू."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं, वाकडंतिकडं. एवढं खरं उत्तर या माणसाने लग्नाच्या वेळीही दिलं नव्हतं. मुलगी पसंत आहे का म्हटल्यावर, "घरचे म्हणतील तसं," म्हणाला होता.

तिने फोन उचलला.

"काय करालीस?"

"मी थाप मारली होती. मीच निस्तरते."

"पेटी काढून घेतील ते."

"घेऊ देत. माझी थाप आतून तुम्हाला कुरतडतेय आणि मी बाहेरून तुम्हाला बोलतेय, हे चालणार नाही मला."

डॉक्टर उमराणींनी सगळं ऐकून घेतलं. टाकी, मग, ब्रश. ती काही लपवत नव्हती, भडंगही सांगून टाकलं.

"काकू, मी विचारलं होतं तुम्हाला."

"मी हसवलं तुम्हाला. हो."

"तुमच्यामुळे चाचणीचे आकडे चुकतात. उद्या एखादा डॉक्टर त्या आकड्यांवर विसंबून कुणाला तरी पेटी नाकारेल. हे लक्षात येतंय का?"

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आपलं घर, आपला माणूस, आपली थाप, एवढंच तिला दिसत होतं. "आता आलं," ती म्हणाली.

डॉक्टर मग कामाचं बोलल्या. पेटी घेऊन उद्याच या. जाळी गोड, शुद्ध पाण्यात बुडवून बघू. मिठातून एकदम गोड पाण्यात आलं की त्या किड्यांच्या अंगात पाणी शिरतं, फुगून मरतात. शेवाळाच्या पेशीला भिंत असते, ते थोडा वेळ तग धरतं. अंडी राहतात, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं. तोवर काकांना खुर्चीवरच बसावं लागेल. आणि मूठभर जरी हिरवं उरलं असेल तर ते परत वाढेल. "पण टाकी गेल्याशिवाय पेटी घरी येणार नाही. आणि तुमचं नाव चाचणीत राहील की नाही, ते मी एकटी ठरवत नाही."

फोन ठेवल्यावर वैजयंतीने शशिकांतकडे पाहिलं. तो टाकीपुढे जाऊन उभा होता. ती काही बोलायच्या आत म्हणाला, "सांगलीच्या इम्तियाजला बोलव. त्याच्याकडं मोठी टाकी हाय. जोडी फोडू नको म्हणावं."

"नंतर मला बोल लावाल."

"लावणार की," तो म्हणाला. "मरेपर्यंत लावीन. तेवढं जगायला पायजे न्हवं."

इम्तियाज आला, पाण्याची पिंपं आणि हवेचा पंप घेऊन. शशिकांत त्या दिवशी मिरजेला खुर्चीवर होता. एकटाच गेला, मुद्दाम. वैजयंतीने मासे स्वतःच्या हाताने जाळीत घेतले. प्रवाळाचे दगड उचलून देताना ती सांगत राहिली. ह्याला उजेड कमी लागतो. ह्याच्या मागच्या अंगाला, पंपाच्या खाली, तिथे शेवाळ आधी येतं, वरून दिसत नाही, बोट फिरवून बघायचं. पिवळ्याला दाणे कमी टाक, तो नाटकी आहे. बोट घालशील तर ह्या जोडीतली मादी चावते, लागत नाही, पण चावते.

"भाभी," इम्तियाज म्हणाला, "काका तर सांगायचे, तुम्हाला टाकी आवडत नाही म्हणून."

"नाहीच आवडत," वैजयंती म्हणाली, आणि मोरीवरचा मग उचलून, ब्रशांसकट, त्याच्या सामानात ठेवला.

पेटीही वाचली आणि चाचणीतलं त्यांचं नावही राहिलं, पण डॉक्टरांनी ते सहज मिळू दिलं नाही. मधले आठवडे पेटी हॉस्पिटलातच राहिली. शशिकांत पाय हलवत एसटीने जात-येत होता. ती बरोबर असली की तिचा हात खिडकीच्या काचेवर फिरायचा, उगाच, खालून वर, जिथे घासायला काहीच नव्हतं. घरात टाकीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. पंप नसल्यामुळे घर इतकं शांत झालं होतं की दोघं एकमेकांशी मोठ्याने बोलायला लागले.

मग एका सकाळी डॉक्टरांनी जाळी समोर धरली. ओसाडीतून हिरवी कड फुटली होती, नखाएवढी, पण दाट. शशिकांतने खिशातून भिंग काढलं. डॉक्टरांनी त्याला बघू दिलं. तो जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोटारीची तार तपासावी तसा, सावकाश बघत गेला. काही उडत नव्हतं.

पेटी पट्ट्याला लावून झाली. डॉक्टरांनी निळ्या ब्रशांची पाकिटं तिच्या हातात दिली, पण सोडली नाहीत.

"काकू, पुन्हा विचारते. घरात काही पाळलंय?"

वैजयंतीच्या ओठांवर ते जुनं वाक्य तयार होतं. पण ते या वेळी बाहेर येईना. शशिकांतने तिच्याकडे पाहिलं, आणि मग सदरा पेटीवरून नीट खाली ओढला.

"मी एकटाच, मॅडम," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाई राहिलं."

डॉक्टरांनी पाकिटं सोडली.